पहिला ड्रोन : आधी कॅमेरा की आधी उड्डाण?



लग्नाच्या मांडवावर भुणभुणत फिरणारे चार पंख्यांचे यंत्र आता खेड्यापाड्यांतही कोणाला नवे राहिलेले नाही. २०२० साली केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली आणि गावठाणांच्या मोजणीसाठी ड्रोन गावोगावच्या आकाशात दिसू लागले. साहजिकच परीक्षा संपली किंवा वाढदिवस जवळ आला, की 'मला कॅमेऱ्याचा ड्रोन हवा' अशी मागणी पुष्कळ घरांतून होते. पालक शाळेत येऊन विज्ञानाच्या शिक्षकांना विचारतात, 'सर, कोणता घ्यावा?' आणि जाहिरातीतील आकड्यांचे जंजाळ पाहून शिक्षकही बुचकळ्यात पडतात.

या प्रश्नाबाबत प्रस्तुत लेखकाचे मत आरंभीच स्पष्ट सांगितलेले बरे. नवशिक्याने पहिला ड्रोन निवडताना कॅमेऱ्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. पहिले यंत्र लहान, हलके आणि पडले तरी घरच्या घरी दुरुस्त करता येईल असे असावे. चित्रणाचा महाग ड्रोन उड्डाणाला हात बसल्यानंतर घ्यावा आणि तोही शक्य तर एकट्याने न घेता शाळेने किंवा मित्रमंडळींनी मिळून घ्यावा. हे मत दुकानदाराला आवडणार नाही; कदाचित तुम्हालाही लगेच पटणार नाही. म्हणून त्यामागची कारणे एकेक करून पाहू.

हे यंत्र उडते कसे?

ड्रोनचा प्रत्येक पंखा हवा खाली ढकलतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हवा पंख्याला वर ढकलते. पण पंखा एका दिशेने फिरू लागला, की यंत्राच्या सांगाड्याला उलट दिशेने पीळ बसतो. म्हणून चारांपैकी दोन पंखे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि दोन उलट दिशेने फिरवतात. पीळ परस्परांना नाहीसे करतात. मागच्या दोन मोटरींचा वेग वाढवला, की यंत्र पुढे झुकते आणि पुढे जाते. समोरासमोरच्या तिरप्या जोडीचा वेग वाढवून दुसऱ्या जोडीचा कमी केला, की ते जागच्या जागी वळते. सुकाणू नाही, शेपूट नाही. चार मोटरींच्या वेगांतील फरक एवढेच काय ते साधन!

कल्पना इतकी सोपी, तर मग हे यंत्र पूर्वीच का झाले नाही? झाले होते. फ्रान्समध्ये एतिएन ओमिशाँ यांनी १९२४ साली चार मोठ्या पंख्यांच्या यंत्रात बसून एक किलोमीटरची फेरी पुरी केली होती. अडचण तोल सांभाळण्याची होती. असे यंत्र आपण होऊन स्थिर राहत नाही. ते जरासे कलले की कलतच जाते. ते सावरायचे, तर दर सेकंदाला शेकडो वेळा कल मोजून चारही मोटरींचे वेग बदलावे लागतात. माणसाच्या हाताला हे जमणे शक्य नाही. सिलिकॉनवर कोरलेले, तांदळाच्या काही दाण्यांएवढे जायरोस्कोप व त्वरणमापक स्वस्तात मिळू लागले, तेव्हा हे काम यंत्रावर सोपवता आले. आज तुमच्या मोबाइल फोनमध्येही हेच संवेदक असतात. २०१० साली पॅरट कंपनीचा आणि २०१३ साली डीजेआय कंपनीचा फँटम हा ड्रोन बाजारात आला आणि हौशी लोकांच्या हाती हे खेळणे पडले.

यंत्राचे शहाणपण आणि आपले

महाग ड्रोनमध्ये या संवेदकांच्या जोडीला आणखी बरेच काही असते. हवेच्या दाबावरून उंची ओळखणारा दाबमापक, उपग्रहांच्या संकेतांवरून स्वतःची जागा काढणारा ग्राहक, दिशादर्शक होकायंत्र आणि जमिनीकडे पाहणारा एक छोटा कॅमेरा. हे सर्व ठीक चालू असताना तुम्ही दोन्ही दांड्यांवरचे हात काढून घेतले, तरी ड्रोन हवेत खुंटीला टांगल्यासारखा स्थिर राहतो. पाहणाऱ्याला वाटते, उडवणे किती सोपे!

पण उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहांचे संकेत अडतात. लोखंडी गर्डर किंवा सळईच्या गच्चीजवळ होकायंत्र चुकते. तळ्याच्या हलत्या पाण्यावर खालचा कॅमेरा फसतो. अशा वेळी ड्रोन जागा धरून ठेवणे सोडून देतो आणि वाऱ्याबरोबर वाहू लागतो. त्या क्षणी यंत्राचे शहाणपण संपते व तुमचे सुरू व्हावे लागते. ज्याने आजवर केवळ बटण दाबून उडवले आहे, त्याच्याजवळ ते शहाणपण कोठून येणार? आणि ही वेळ नेमकी महाग यंत्र हवेत असताना येते.

'परत ये' हे बटण असतेच, असे तुम्ही म्हणाल. ते बटण दाबले की पुष्कळसे ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीवर जातात आणि सरळ रेषेत उड्डाणाच्या जागी परततात. ती उंची वीस मीटर ठेवली असेल आणि वाटेत पंचवीस मीटर उंचीचा पिंपळ असेल, तर समोरचे न दिसणारे यंत्र पिंपळावर आपटणारच.

वाऱ्याचेही एक गणित करून पाहा. ड्रोनचा हवेतील वेग सेकंदाला १० मीटर आहे आणि वारा सेकंदाला ८ मीटर वेगाने वाहत आहे. वाऱ्याच्या दिशेने ड्रोन सेकंदाला १८ मीटर जाईल. म्हणजे १८० मीटर अंतर १० सेकंदांत कापील. परत येताना मात्र त्याचा वेग सेकंदाला केवळ २ मीटर. तेवढेच अंतर यायला ९० सेकंद, म्हणजे नऊपट वेळ! बॅटरी संपत आली असताना हे लक्षात येऊन उपयोग नाही. म्हणून जाणते लोक आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जातात व परतताना वाऱ्याची मदत घेतात. ही समज सरावाने येते, आणि सराव स्वस्त यंत्रावर केलेला बरा.

'फोर-के' या शब्दाची जादू

आता कॅमेऱ्याकडे वळू. जवळजवळ प्रत्येक खोक्यावर 'फोर-के' असे ठळक छापलेले असते. याचा खरा अर्थ, चित्राच्या रुंदीत ३,८४० आणि उंचीत २,१६० बिंदू. एकूण ८२,९४,४०० बिंदू. पण खेळण्यातल्या ड्रोनच्या संवेदकावर अनेकदा १,२८० गुणिले ७२०, म्हणजे ९,२१,६०० बिंदूच असतात. उरलेले बिंदू शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. भागाकार करून पाहा : दर नऊ बिंदूंपैकी एक खरा आणि आठ भरीचे! पातळ रंग मोठ्या कागदावर पसरावा तसाच हा प्रकार. कागद मोठा झाला, चित्र मात्र वाढले नाही.

शिवाय चित्राची गुणवत्ता केवळ बिंदूंच्या संख्येवर ठरत नाही. समजा, कॅमेरा थेट खाली पाहत आहे आणि ड्रोन ३० मीटर उंचीवर आहे. यंत्र वाऱ्याने अवघा एक अंश कलले, तर चित्राचा मध्य जमिनीवर किती सरकेल? त्रिकोणमितीचे कोष्टक काढा. एक अंशाचे टॅन ०.०१७५; त्याला ३० ने गुणा. उत्तर सुमारे अर्धा मीटर. खऱ्या फोर-के चित्रात इतक्या उंचीवरून जमिनीचा सुमारे ४५ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो आणि प्रत्येक बिंदूच्या वाट्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास जमीन येते. म्हणजे एका अंशाच्या झोक्याने चित्र चाळीसहून अधिक बिंदू सरकते. म्हणूनच चांगल्या ड्रोनमध्ये कॅमेरा तीन अक्षांवर फिरणाऱ्या, मोटरीच्या टांगणीत बसवलेला असतो. यंत्र डोलले तरी कॅमेरा डोलत नाही. अशी टांगणी नसेल, तर खोक्यावरच्या बिंदूंच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. आणि अशी टांगणी असलेला ड्रोन स्वस्त असू शकत नाही, हेही ओघानेच आले.

स्वस्त ड्रोनबाबत आणखी एक गोष्ट. त्यातील बहुतेकांत चित्र बिनतारी मार्गाने फोनकडे येते आणि फोनमध्येच साठवले जाते. संकेत तुटला की चित्रणही तुटते. ड्रोनमध्येच कार्डावर चित्रण होते का, हे दुकानात विचारायला विसरू नका.

वजनाचे गणित

आणखी एक आकडा कॅमेऱ्याच्या आकड्याहून कितीतरी महत्त्वाचा आहे. तो म्हणजे बॅटरीसह एकूण वजन. पंखे तेच ठेवले, तर एका जागी तरंगत राहण्यासाठी लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट केले, तर शक्ती सुमारे २.८ पट लागते. अडीचशे ग्रॅमच्या ड्रोनवर हौसेने २५ ग्रॅमचे काहीतरी बांधले, म्हणजे वजन दहा टक्के वाढवले, तर शक्ती सुमारे पंधरा टक्के अधिक लागते आणि उड्डाणाचा वेळ त्या मानाने घटतो.

उड्डाणाचा वेळही तुम्हाला काढता येईल. ७.४ व्होल्ट, २ अँपिअर-तास अशी बॅटरी म्हणजे १४.८ वॅट-तास ऊर्जा. यंत्राला तरंगण्यासाठी ३० वॅट लागत असतील, तर जेमतेम अर्धा तास. त्यातली चौथाई परतीसाठी राखून ठेवायची. म्हणजे हाती वीस-बावीस मिनिटे उरतात. जाहिरातीतील मिनिटे वारा नसलेल्या हवेतली असतात, हे ध्यानात ठेवावे.

वजनाला कायद्यातही स्थान आहे. आपल्याकडील ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' आणि त्यापुढे २ किलोग्रॅमपर्यंतचा 'मायक्रो' या गटात येतो. नॅनो ड्रोन उडवण्यास वैमानिकाचा परवाना लागत नाही. मायक्रो ड्रोन धंद्यासाठी वापरायचा नसेल, तर त्यालाही नाही. तथापि परवाना नको याचा अर्थ नियम नकोत, असा होत नाही. आकाशाचे हिरवा, पिवळा व लाल असे भाग पाडलेले आहेत. हिरव्या भागात १२० मीटर उंचीपर्यंत वेगळ्या परवानगीवाचून उडवता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर आहे. पिवळ्या व लाल भागांत परवानगी लागते. मुंबईसारख्या शहरात पोलीसही वेळोवेळी मनाई आदेश काढतात. म्हणून खरेदीआधीच, वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन, आपले गाव कोणत्या रंगात येते आणि नोंदणीचे नियम काय आहेत, हे सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावे. घरी आणलेले यंत्र आपल्या अंगणात उडवताच येत नाही, असे नंतर कळण्यात काय अर्थ?

खरेदी करताना

पहिला ड्रोन घेताना पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१. सुटे भाग. पंखे, मोटरी, सांगाड्याच्या भुजा आणि बॅटरी स्वतंत्र विकत मिळतात का? न मिळाल्यास ते यंत्र कितीही देखणे असो, परत ठेवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. सुटे भाग आणण्यास मात्र मुभा ठेवली. त्यामुळे पावतीवाचून, आडवाटेने आलेला परदेशी ड्रोन बिघडला, तर दाद कोणाकडे मागणार?

२. वजन. बॅटरीसह २५० ग्रॅमच्या आत. शिकण्यासाठी शंभर ग्रॅमच्या आत असला तर अधिकच चांगला. हलके यंत्र पडले तर स्वतः कमी मोडते आणि दुसऱ्याला कमी इजा करते.

३. पंख्यांभोवती कडी. फिरत्या पंख्याची धार बोट कापू शकते आणि डोळ्याला कायमची इजा करू शकते. कडी नसलेला ड्रोन घरात उडवू नये.

४. दांड्यांचा खरा नियंत्रक. फोनच्या काचेवर बोट फिरवून हात बसत नाही.

५. मदत बंद करण्याची सोय. उंची आपोआप धरून ठेवण्याची सोय प्रथम चालू ठेवावी. पुढे ती बंद करून शिकता आले पाहिजे.

६. दोन तरी बॅटऱ्या. लहान ड्रोन एका बॅटरीवर सहा-सात मिनिटेच उडतो. शिकण्यासाठी तेवढा वेळ अपुरा आहे.

कॅमेरा या यादीत नाही, हे तुमच्या लक्षात आले असेलच. पहिल्या यंत्रात तो असला तर असो. त्यासाठी अधिक पैसे मोजू नयेत.

बॅटरीविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण येथे खरा धोका आहे. या लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या एका घटाचा व्होल्टेज पूर्ण भरल्यावर ४.२ असतो. तो ३ च्या खाली गेला, तर घट कायमचा बिघडतो. फार दिवस ठेवायची असेल, तर अर्धवट भरलेली, म्हणजे घटामागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही भरू नये. ती पेट घेऊ शकते. भरायला लावून झोपी जाणे किंवा बाहेर जाणे तर मुळीच नको.

दोन आक्षेप

'दोनदा खर्च कशाला? एकदाच चांगला घ्यावा', असे पालक म्हणतील. वरवर पाहता हे पटते. पण शिकताना यंत्र पडणारच; प्रश्न एवढाच, की कोणते यंत्र पडावे? लहान ड्रोनचा मोडलेला पंखा किरकोळ पैशांत बदलता येतो. महाग ड्रोनची कॅमेऱ्याची टांगणी एका धक्क्यात मोडते आणि तिच्या दुरुस्तीला अनेकदा लहान ड्रोनच्या किमतीहून अधिक खर्च येतो. शिवाय महिनाभराने हौस संपली, आणि पुष्कळांची संपते, तर लहान यंत्रात नुकसान थोडेच.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. 'उपग्रहांच्या मदतीने स्थिर राहणारा ड्रोन नवशिक्याला अधिक सुरक्षित नाही का?' आहे, ज्याला एखाद्या प्रसंगी दोन-चार चित्रेच काढायची आहेत, त्याने जाणत्या माणसाला शेजारी उभे करून तसा ड्रोन जरूर वापरावा. पण आपण येथे विद्यार्थ्यांचा विचार करीत आहोत. सायकल शिकताना मागून कोणी कायम धरून ठेवले, तर पडण्याची भीती जाते खरी, पण सायकल येत नाही.

शिकण्याचा क्रमही सांगून ठेवतो. प्रथम यंत्राची पाठ आपल्याकडे ठेवून, डोळ्यांच्या उंचीवर एका जागी तरंगत ठेवणे. मग त्याचे तोंड आपल्याकडे करून तेच करणे; येथे डावे-उजवे उलटे होते आणि भलेभले गोंधळतात. नंतर चौकोन आणि शेवटी इंग्रजी आठाचा आकडा. बंद दारांच्या रिकाम्या वर्गात किंवा शाळेच्या सभागृहात हे करता येते. संगणकावरच्या आभासी ड्रोनवरही हा सराव होतो आणि तेथे काहीच मोडत नाही.

आकाश सर्वांचे आहे

कॅमेरा हवेत गेला, की तो शेजाऱ्यांच्या गच्चीत, अंगणात आणि खिडकीतही डोकावतो. तुमचा हेतू वाईट नसेल. पण गच्चीवर वाळवण घालणाऱ्या काकूंना तो कसा कळावा? माणसांचे चित्रण करण्याआधी त्यांना विचारणे हा साधा सभ्यपणा आहे. गर्दीवरून, यात्रेवरून किंवा रहदारीच्या रस्त्यावरून ड्रोन कधीही नेऊ नये. मोटर बंद पडली, तर तो खाली कोणाच्या डोक्यावर पडेल, हे आपल्या हाती नसते.

गडकिल्ल्यांचे चित्रण करावे, असे आपल्याकडे प्रत्येकाला वाटते. परंतु पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित किल्ल्यांवर पूर्वपरवानगीवाचून ड्रोन उडवता येत नाही. अभयारण्यांतही नाही. उन्हाळ्यात मोकळ्या माळावर टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. घारी व कावळे घरट्याजवळ आलेल्या ड्रोनचा पाठलाग करतात. पक्षी ओरडत घिरट्या घालू लागला, की ड्रोन खाली उतरवावा. घर त्याचे आहे, पाहुणे आपण.

शाळांना एक सूचना

वरून पृथ्वी पाहण्याची हौस ड्रोनपेक्षा फार जुनी आहे. आर्थर बातू या फ्रेंच गृहस्थाने १८८८ साली पतंगाला कॅमेरा बांधून आपल्या गावाची छायाचित्रे घेतली. कॅमेऱ्याची झडप उघडण्यासाठी त्याने जळणारी वात वापरली होती. किती काळाने वात संपेल, तोवर पतंग किती उंच जाईल, वारा त्या वेळी कसा असेल, या सर्वांचा विचार त्याला आधी करावा लागला. बटण दाबण्याआधी विचार करण्याची ही सवय आजही तितकीच मोलाची आहे.

म्हणून शिक्षकांना सुचवावेसे वाटते, की प्रत्येक मुलाच्या हाती स्वतंत्र ड्रोन देण्यापेक्षा विज्ञान मंडळाने तीन-चार लहान यंत्रे घ्यावीत. मुलांनी ती खोलावीत, जोडावीत, पाडावीत आणि पुन्हा उभी करावीत. वर्षाअखेर ज्यांचा हात बसला असेल, त्यांच्यासाठी शाळेने चांगल्या टांगणीचा एक कॅमेरा-ड्रोन घ्यावा. मैदानावर एक मीटर बाजूचे पांढरे चौरस अंथरून वरून छायाचित्र घ्यावे आणि त्यावरून मैदानाचे क्षेत्रफळ काढून टेपने मोजलेल्या क्षेत्रफळाशी ताडून पाहावे. दोन्हींत फरक का आला, याची चर्चा वर्गात करावी. पावसाळ्याआधी व नंतर गावच्या ओढ्याचे पात्र त्याच उंचीवरून टिपावे. अशा कामात एकच ड्रोन चाळीस मुलांना पुरतो, आणि ज्यांच्या घरी तो कधीच येऊ शकणार नाही, त्यांच्याही हाती नियंत्रक येतो.

पालक पैसे एकदा मोजतील; ते यंत्र कपाटात पडून राहील की त्यातून काही शिकायला मिळेल, हे बरेचसे पहिल्या निवडीवर ठरते. तेव्हा दुकानात गेलात, की 'कॅमेरा किती चांगला आहे?' हा प्रश्न थोडा मागे ठेवा आणि प्रथम विचारा : 'याचा पंखा मोडला, तर मला तो बदलता येईल का?'